कोच चांगला की वाईट, हे ठरवण्याआधी

परीक्षा आटोपल्या आणि उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती लागल्या की शाळांच्या आणि क्लबांच्या बैठकांत एक विषय हमखास निघतो : बास्केटबॉलच्या सरांना पुढच्या वर्षी ठेवायचं की बदलायचं? एका पालकांच्या मते सर उत्तम, कारण संघ विभागीय स्पर्धेपर्यंत गेला. दुसऱ्यांच्या मते सर पक्षपाती, कारण त्यांची मुलगी वर्षभर बाकावर बसून राहिली. सचिवांना दोन वर्षांपूर्वीचा करंडक आठवतो. तिघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात, पण त्यातून सरांना काय येतं, काय येत नाही आणि ते या मुलांना कुठे नेत आहेत, हे काही कळत नाही.

हा लेख अशा पालकांसाठी, शाळेच्या क्रीडाशिक्षकांसाठी आणि क्लबच्या पदाधिकाऱ्यांसाठी आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : प्रशिक्षकाचा गुण आणि त्याची उणीव बहुतेक वेळा एकाच स्वभावातून येतात. संयमी माणूस वेळ आली तरी निर्णय घेत नाही आणि शिस्तीचा माणूस मुलांना मोकळं खेळू देत नाही. म्हणून ‘सर चांगले की वाईट’ या प्रश्नाला उत्तरच नसतं. ‘या वयाच्या, या मुलांना आत्ता जे हवं आहे, ते हे सर देऊ शकतात का?’ असं विचारलं तर मात्र उत्तर मिळतं, आणि ते शोधण्याची रीतही आहे.

गुणफलकावर किती विसंबायचं?

आपल्याकडच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि बहुतेक ठिकाणी त्या बाद पद्धतीने खेळवल्या जातात. म्हणजे वर्षभर सराव करायचा आणि पहिल्याच फेरीत जिल्ह्यातला तगडा संघ समोर आला की तासाभरात हंगाम संपला. एखाद्या संघाला सोपा ड्रॉ मिळतो आणि तो उपांत्य फेरी गाठतो. या दोन निकालांवरून दोन प्रशिक्षकांची तुलना करणं अन्यायाचं आहे.

लहान गटांत आणखी एक गोष्ट निकाल फिरवते, ती म्हणजे उंची. तेराव्या वर्षीच पावणेसहा फुटांवर गेलेला एक मुलगा संघात असला की रिबाउंड त्याचे आणि बास्केटखालचे गुणही त्याचेच. त्या विजयात प्रशिक्षकाचा वाटा किती, हे दोन-तीन वर्षांनी बाकीची मुलंही उंच झाली की उघड होतं.

तिसरी गोष्ट डावपेचांची. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या हातात लांबून नेम साधण्याची ताकद नसते आणि कोर्टच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पास टाकण्याचीही नसते. त्यांच्यासमोर पाच जणांना बास्केटभोवती उभं करून झोन लावला किंवा पूर्ण कोर्टवर प्रेस केला की सामना सहज जिंकता येतो. पण असं जिंकत आलेल्या मुलांना समोरच्या एका खेळाडूला अडवण्यासाठी पाय कसे हलवायचे, हे कधी शिकावंच लागत नाही. कॅनडाने १४ वर्षांखालील गटात झोन बचावाला मनाई केली, ती याच कारणासाठी. आज चषक आणणारा प्रशिक्षक उद्याचे खेळाडू घडवतोच असं नाही, हे ज्याने पारख करायची त्याने आधी मान्य करायला हवं.

दहावी-बारावीच्या वाढीव गुणांमुळे आणि प्रमाणपत्रांमुळे निकालाचा दबाव पालकांकडून सरांवर येतो, हेही विसरून चालणार नाही. ‘काहीही करा, पण जिल्हा काढा’ असं आपणच म्हणायचं आणि नंतर मुलं शिकत नाहीत म्हणून तक्रारही आपणच करायची, हे बरोबर नाही.

एकाच क्लबचे दोन प्रशिक्षक

तरुण संघ आणि प्रशिक्षक यांचं नातं समजून घ्यायला अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटी थंडर या एनबीए संघाइतकं बोलकं उदाहरण क्वचितच सापडेल. व्यावसायिक खेळाडू आणि शाळकरी मुलं यांची बरोबरी होत नाही, पण पारख कशी करावी याचा धडा दोघांनाही लागू पडतो.

२००८ साली सिअ‍ॅटलचा संघ ओक्लाहोमा सिटीला हलला. पहिल्या १३ सामन्यांत १२ पराभव झाले, प्रशिक्षक पी. जे. कार्लेसिमो यांना काढलं गेलं आणि साहाय्यक स्कॉट ब्रूक्स यांच्याकडे सूत्रं आली. केव्हिन डुरंट आणि रसेल वेस्टब्रुक तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते. कार्लेसिमो उंचपुऱ्या डुरंटला शूटिंग गार्डच्या जागी खेळवत होते. ब्रूक्स यांनी त्याला स्मॉल फॉरवर्ड केलं. वेस्टब्रुक चेंडू खूप गमवायचा, पण त्याची पॉइंट गार्डची जागा त्यांनी काढून घेतली नाही. तो हंगाम २३ विजय आणि ५९ पराभवांवर संपला. पुढच्या हंगामात याच संघाने ५० सामने जिंकले आणि ब्रूक्स वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. २०१२ मध्ये संघ थेट अंतिम फेरीत पोहोचला.

तिथे ब्रूक्स यांची दुसरी बाजू दिसली. मायामीने ठेंगणा पण वेगवान संघ उतरवला, तरी ब्रूक्स यांनी धिम्या चालीच्या सेंटरला, केंड्रिक पर्किन्सला, सुरुवातीच्या पाचांतून हलवलं नाही. मालिका ४-१ अशी गेली. शेवटच्या मिनिटांत चेंडू डुरंट किंवा वेस्टब्रुककडे द्यायचा आणि बाकीच्यांनी बघत राहायचं, ही टीका त्यांच्यावर पुढेही होत राहिली. २०१५ मध्ये डुरंट जखमी असताना संघ बाद फेरी गाठू शकला नाही आणि ब्रूक्स यांना निरोप मिळाला.

नीट पाहिलं तर वेस्टब्रुकच्या चुका पोटात घालणारे ब्रूक्स आणि पर्किन्सला न हलवणारे ब्रूक्स एकच आहेत. आपल्या खेळाडूवर विश्वास टाकला की तो काढायचा नाही, हा त्यांचा स्वभाव. वीस वर्षांच्या मुलांना त्याच विश्वासाने उभं केलं. विजेतेपदाच्या उंबरठ्यावर संघाला दर सामन्यागणिक बदलणारा प्रशिक्षक हवा होता, आणि तिथे तोच विश्वास आड आला. ब्रूक्स आहेत तिथेच होते, संघाची गरज मात्र पुढे गेली होती.

२०२० मध्ये त्याच क्लबने पुन्हा कोऱ्या पाटीवर सुरुवात केली आणि ३५ वर्षांच्या मार्क डेग्नॉल्ट यांना नेमलं. कॉलेजात ते खेळाडू नव्हते, संघाचे विद्यार्थी-व्यवस्थापक होते. थंडरच्याच दुय्यम संघाला त्यांनी काही वर्षं शिकवलं होतं. पहिल्या दोन हंगामांत त्यांचे विजय २२ आणि २४. कुठल्याही बैठकीत ‘सर बदला’ म्हणायला एवढे आकडे पुरेसे होते. क्लबने त्यांना ठेवलं. पुढच्या तीन हंगामांत विजय ४०, ५७ आणि ६८ वर गेले आणि २०२५ मध्ये थंडर विजेता झाला. ब्रूक्स यांना काढणारे आणि डेग्नॉल्ट यांना राखणारे व्यवस्थापक एकच, सॅम प्रेस्टी. त्या दोन पडत्या हंगामांत विजयांची संख्या हेच मोजमाप असतं, तर डेग्नॉल्ट टिकलेच नसते.

खेळाडू म्हणून गाजलेलं नाव आणि शिकवण्याची हातोटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही यातून लक्षात ठेवावं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका, राज्य संघाचा जुना अनुभव, हे जरूर विचारा; नेमणूक करताना कागद पाहिलेच पाहिजेत. पण पारख करायची ती मैदानावर.

सरावात काय पाहायचं

पारख करणाऱ्याने आधी निदान तीन सराव सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावेत. तेही वेगवेगळ्या महिन्यांतले, आणि शक्यतो स्पर्धेच्या आदल्या आठवड्यातले नकोत. सरांना सांगून जावं. लपून पाहणी केली की विश्वास संपतो.

*चेंडूला किती हात लागतात, ते मोजा.* ले-अपचा नेहमीचा सराव घ्या. सोळा मुलं, एक बास्केट, एक चेंडू. एकाचा ले-अप, दुसऱ्याचा रिबाउंड, चेंडू परत रांगेत. प्रत्येक पाळीला साधारण आठ सेकंद धरले तर एका मुलाची पाळी दोन मिनिटांनंतर येते. वीस मिनिटांत त्याचे नऊ-दहा ले-अप होतात आणि उरलेला वेळ तो पुढच्याची बॅग ओढण्यात घालवतो. हीच सोळा मुलं चार-चारच्या गटांत विभागली, दोन गट दोन बास्केटवर, एक गट जोडीने पासिंगला आणि एक डाव्या हाताच्या ड्रिबलला, दर पाच मिनिटांनी बदल, तर त्याच वीस मिनिटांत चेंडू कितीतरी पटींनी हातात येतो. आपल्याकडे चेंडू कमी असतात, अर्धं कोर्ट व्हॉलीबॉलवाल्यांकडे असतं, हे खरं आहे. म्हणूनच आहे त्या साधनांत रांग छोटी करणारा प्रशिक्षक ओळखायला शिका. आपलं नसलेलं एक मूल निवडा आणि दहा मिनिटांत त्याच्या हाताला चेंडू किती वेळा लागला, ते मोजा. अख्ख्या वर्षाची कल्पना त्यातून येते.

*सर बोलतात काय, ते ऐका.* जॉन वुडन हे अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमधलं सर्वांत मोठं नाव. ते १९४८ मध्ये यूसीएलए विद्यापीठात आले, पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९६४ मध्ये मिळालं आणि तिथून १२ वर्षांत १० विजेतेपदं. १९७४-७५ च्या हंगामात रॉनल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या सरावांत बसून त्यांचं बोलणं नोंदवलं. सुमारे तीन चतुर्थांश बोलणं निव्वळ माहितीचं निघालं : काय करायचं, कसं करायचं, कधी करायचं. शाबासकी आणि नाराजी प्रत्येकी सात टक्क्यांच्या आसपास. चूक दिसली की वुडन बरोबर कृती करून दाखवत, मग खेळाडूने केलेली चुकीची, मग पुन्हा बरोबर, आणि काही सेकंदांत खेळ पुढे सुरू.

तुम्हीही कागदावर तीन रकाने आखा : सूचना, शाबासकी, रागावणं. पंधरा मिनिटं खुणा करा. ‘नीट खेळ’, ‘डोकं वापर’, ‘लक्ष कुठंय?’ यांना सूचना म्हणत नाहीत. ते रागावण्याच्या रकान्यात जातं. ‘पास घेतल्यावर आधी डावा पाय टेकव, मग बास्केटकडे वळ’, ही सूचना. ओरडणारे सर आपल्याला कडक वाटतात आणि शांत सर मवाळ वाटतात. रकाने भरले की वेगळंच चित्र दिसू शकतं : आवाज मोठा असूनही दर वाक्यात शिकवण असते, किंवा आवाज गोड असूनही तासभरात शिकवण्यासारखं एकही वाक्य येत नाही.

*शिकवलेलं झिरपतं का, ते तपासा.* सोमवारी डाव्या हाताचा ले-अप शिकवला, तर शनिवारी आपापसांतल्या सामन्यात डाव्या बाजूने घुसलेली मुलगी तो घेते का? की ती पुन्हा उजव्या हातावर येते आणि सर गुण झाला म्हणून टाळ्या वाजवतात? गुण झाला तरी थांबवून ‘डाव्याने घे, चुकला तरी चालेल’ म्हणणारे सर दोन वर्षांनंतरच्या खेळाडूचा विचार करत असतात.

*पावसाळ्यात काय होतं, ते विचारा.* महाराष्ट्रातली बहुतेक कोर्टं उघड्यावरची आहेत आणि शालेय स्पर्धांचा काळ पावसाला लागूनच येतो. कोर्ट ओलं असताना सराव सरसकट रद्द होतो, की शाळेच्या व्हरांड्यात बॉल हँडलिंग, पिव्होट, बचावाची बैठक, फळ्यावर खेळाची चर्चा असं काही चालतं? नियोजनाची सवय असलेला प्रशिक्षक इथे लगेच ओळखू येतो.

सामन्यात काय पाहायचं

सामना पाहताना आपली नजर चेंडूमागे धावते. पारख करायची असेल तर काही वेळ ती बाकाकडे वळवावी लागते.

तेरा वर्षांची पॉइंट गार्ड अर्ध्या कोर्टपर्यंत चेंडू आणते आणि समोरची मुलगी तो हिसकावून घेते. त्यानंतरच्या एका सेकंदाकडे लक्ष द्या. ती मुलगी मागे धावते, की आधी बाकाकडे बघते? एकदा पाहिलं तर त्याला अर्थ नाही. पण संघातल्या चार-पाच मुली प्रत्येक चुकीनंतर सरांचा चेहरा शोधत असतील, तर त्या संघाला चुकीची भीती शिकवली गेली आहे. अशी मुलं अवघड पास टाकत नाहीत, कमकुवत हात वापरत नाहीत आणि शेवटच्या मिनिटात चेंडू नकोसा झाल्यासारखा दुसऱ्याकडे ढकलतात. चूक होताच त्याच क्षणी खेळाडूला बाहेर काढण्याची सवय हे याचं नेहमीचं कारण.

टाइम-आउट एका मिनिटाचा असतो. मुलांना पाणी प्यायला आणि श्वास घ्यायला त्यातला काही वेळ जातो. उरलेल्या वेळात सर सात गोष्टी सांगतात की एक-दोन? आणि सांगितलेली गोष्ट पुढच्या दोन-तीन ताब्यांत कोर्टवर दिसते का? दिसली, तर सर सामना वाचतात आणि मुलांना त्यांची भाषा कळते. तरुण संघाकडून याहून अधिक डावपेचांची अपेक्षा ठेवू नये.

संघ वीस गुणांनी पुढे किंवा वीस गुणांनी मागे असतो, तेव्हा कोण खेळतं? आठव्या-नवव्या मुलाला मोकळं खेळायला मिळावं यासाठी याहून चांगली वेळ नाही. तेव्हाही पहिले पाच जणच कोर्टवर असतील, तर सरांना फरकाचा आकडा प्रिय आहे. पंचांशी सर कसे बोलतात, हेही पाहा. मुलं ते शब्दशः उचलतात आणि पुढच्या सामन्यात तांत्रिक फाउलच्या रूपाने ते परत येतं.

वय बदललं की अपेक्षा बदला

बारा वर्षांखालच्या मुलांना खेळाची गोडी लागणं हीच मोठी कमाई. आंतरराष्ट्रीय महासंघ फिबाच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग नेहमीच्या ३.०५ मीटरऐवजी २.६० मीटरवर असते आणि चेंडू ५ नंबरचा. रिंग खाली घेणं आपल्याकडे अनेक कोर्टांवर शक्य नसतं, पण ५ नंबरचा चेंडू घेता येतो. नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात मोठ्यांचा ७ नंबरचा चेंडू दिला की तो कमरेजवळून झोका देऊन फेकतो आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. या वयासाठी प्रेमळ, उत्साही आणि सगळ्यांना खेळवणारे सर हवेत. त्यांना प्रेस तोडण्याची रचना आखता येत नसेल तर काही बिघडत नाही.

बारा ते चौदा या वयात पाया घातला जातो : दोन्ही हात, पिव्होट, उडी मारून खाली येणं, एकास एक बचाव आणि सगळ्या जागांवर खेळण्याचा अनुभव. एनबीए आणि अमेरिकेच्या बास्केटबॉल संघटनेने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ९ ते ११ वयात आठवड्याला जास्तीत जास्त ५ तास आणि १२ ते १४ वयात १० तास संघटित बास्केटबॉल पुरे. केवळ याच खेळाला वाहून घेणं १४ च्या आधी नको. सकाळी शाळेचा, संध्याकाळी क्लबचा आणि रविवारी अकादमीचा सराव करणाऱ्या मुलाचे तास मोजणं हे पालकांचं काम आहे. आणि ‘आज तू विश्रांती घे’ म्हणू शकणारे सर ही मोठी जमेची बाजू.

उंच मुलाला सर कुठे उभं करतात, याकडे या वयात खास लक्ष द्या. लवकर वाढलेल्या मुलाला कायम बास्केटखाली ठेवलं आणि इतर मुलं उंचीने त्याच्या बरोबरीला आली, की सोळाव्या वर्षी तो ना उंच राहतो, ना त्याला ड्रिबल येतो. उलट बाजूही आहे. १९७८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या लेनी हायस्कूलच्या मुख्य संघात दहावीतल्या मायकेल जॉर्डनला जागा मिळाली नाही. त्याच्याहून उंच असलेला वर्गमित्र निवडला गेला. पण जॉर्डनला दुय्यम संघात ठेवलं गेलं आणि तिथे त्याला भरपूर खेळायला मिळालं. उशिरा वाढणाऱ्या मुलाला बाहेर न काढता खेळत ठेवण्याची सोय करणं हीसुद्धा प्रशिक्षकाची ताकद आहे. अँथनी डेव्हिस शाळेत असताना गार्ड होता, मग त्याची उंची झपाट्याने वाढली. लहानपणी शिकलेला ड्रिबल आणि पास त्याला मोठेपणी सेंटरच्या जागी कामी आला.

पंधरा ते अठरा या वयात मात्र डावपेच, ताकदीचा व्यायाम आणि संघातली नेमकी भूमिका यांना महत्त्व येतं. इथे सामना वाचू न शकणारा प्रशिक्षक मुलांना खरोखर मागे ठेवतो. ज्या सरांनी बारा वर्षांच्या मुलांना अप्रतिम घडवलं, त्यांच्याकडे सतरा वर्षांखालचा संघही द्यायलाच हवा असं नाही, आणि तसं न देण्यात त्यांचा अपमानही नाही. क्लबने हे वेळीच समजून जबाबदाऱ्या वाटल्या, तर चांगली माणसं दुखावून बाहेर पडत नाहीत.

भरून काढता येणारी उणीव आणि माफ न होणारी

पाहणी झाली की उणिवांची यादी दोन भागांत मांडा.

पहिल्या भागात जोड देऊन भरून निघणाऱ्या गोष्टी येतात. डावपेच कच्चे असतील, तर क्लबचा एखादा जुना खेळाडू शनिवारी साहाय्यक म्हणून येऊ शकतो. आपल्याकडे ही रीत जुनी आहे. मोठ्यांनी धाकट्यांना हाताशी धरून शिकवायचं, हे वस्तीतल्या कोर्टांवर नेहमीचं दृश्य. सर विसराळू असतील, तर नोंदी, पत्रव्यवहार आणि प्रवासाची व्यवस्था एखाद्या पालकाकडे द्यावी. आकडेवारी ठेवत नसतील, तर दहावीतून मोकळी झालेली मुलगी स्कोअरशीटवर बसू शकते. पालकांशी बोलायला सर कचरत असतील, तर महिन्यातून एक ठरावीक वेळ नेमून द्यावी. अशा उणिवांपायी माणूस बदलणं म्हणजे आपलीच व्यवस्था अपुरी असल्याची शिक्षा त्याला देणं.

दुसऱ्या भागातल्या गोष्टींना मात्र कितीही विजेतेपदं झाकू शकत नाहीत. अंगावर हात टाकणं. शरीरावरून, जातीवरून, रंगावरून किंवा घरच्या परिस्थितीवरून बोलणं. खोटा जन्मदाखला चालवून घेणं. दुखत असताना ‘पट्टी बांध आणि खेळ’ म्हणणं. उड्यांचा आणि वळणांचा हा खेळ सिमेंटच्या कोर्टवर खेळताना गुडघ्यावर भार येतो आणि गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचा धोका किशोरवयीन मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून आणि ते आत न वळवता कसं उतरायचं, हे वॉर्मअपमध्ये शिकवलं तर धोका कमी होतो. सर हे शिकवतात का, ते पाहा. येत नसेल, तर ते शिकून घ्यायला तयार आहेत का, ते विचारा. तयारी नसेल, तर ही उणीव दुसऱ्या यादीत जाते.

मुलींचा संघ बाहेरगावी जाताना सोबत जबाबदार महिला असावी, मुक्कामाच्या खोल्या वेगळ्या असाव्यात आणि एका मुलीला एकटीला ‘खास सरावा’साठी बोलावलं जाऊ नये, हे नियम क्लबने लेखी करावेत. चांगल्या प्रशिक्षकाला त्यांचा आधारच वाटतो. लैंगिक गैरवर्तनाची शंका आली तर क्लबने आपापसांत मिटवण्याचा प्रयत्न करू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, आणि मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी कधीही लावता येते.

कागदावर उतरवा, मग सरांशी बोला

दोन माणसांनी स्वतंत्रपणे पाहावं. त्यांतल्या निदान एकाचं मूल त्या संघात नसावं. तीन सराव आणि दोन सामने पाहून झाले की एक पान लिहावं. ‘सर खूप अनुभवी आहेत’ किंवा ‘सरांचं लक्ष नसतं’ असली वाक्यं खोडा, कारण त्यांचा कुणालाच उपयोग नाही. उपयोगी टिपण असं असतं :

‘जमेची बाजू : प्रत्येक मुलीला नावाने सूचना. चूक थांबवून करून दाखवतात. जुलैत डाव्या हाताने ड्रिबल न येणाऱ्या सहा मुलींपैकी पाच जणी डिसेंबरमध्ये सामन्यात तो वापरत होत्या. उणीव : प्रेस आला की संघ गोंधळतो, दोन्ही सामन्यांत उपाय दिसला नाही. आठव्या क्रमांकापुढच्या मुलींना एकूण खेळ फार थोडा. सुचवणूक : प्रेससाठी साहाय्यक, साखळी सामन्यांत दुसऱ्या क्वार्टरमध्ये सगळ्यांना संधी.’

मुलांनाही विचारा, पण ‘सर आवडतात का?’ असं नको. त्याचं उत्तर शेवटच्या सामन्यात किती खेळायला मिळालं यावर ठरतं. ‘या वर्षी तुला नवीन काय आलं?’, ‘संघात तुझं काम काय?’, ‘चूक झाली की काय होतं?’ हे तीन प्रश्न पुरतात. दुसऱ्या प्रश्नाला बाकावरची मुलंही नेमकं उत्तर देत असतील, तर सरांनी सगळ्यांशी बोलून संघ बांधला आहे. आणि एक आकडा जरूर काढा : गेल्या जूनमध्ये असलेल्या मुलांपैकी या जूनमध्ये किती परत आली? शाळा बदलली, गाव बदललं, ही कारणं वगळा. उरलेली गळती मोठी असेल, तर करंडकांच्या कपाटाकडे न बघता तिचं कारण शोधायला हवं.

मग ते पान घेऊन सरांसमोर बसा. सामना संपल्यावर कोर्टच्या कडेला नको, मुलांसमोर तर नकोच. आधी त्यांना विचारा, ‘सर, या संघाबद्दल तुमचं स्वतःचं मत काय? काय जमलं, काय राहिलं?’ आपल्या उणिवा स्वतःहून सांगणारा प्रशिक्षक अर्धी लढाई जिंकलेला असतो. त्यानंतर तुमचं टिपण वाचून दाखवा, जमेची बाजू तितक्याच तपशिलाने. पुढच्या सहा महिन्यांसाठी दोनच गोष्टी ठरवा, त्या मोजता येतील अशा असू द्या, आणि त्यासाठी क्लब काय देणार तेही त्याच कागदावर लिहा : आणखी सहा चेंडू, साहाय्यकाचं मानधन, अर्ध्याऐवजी पूर्ण कोर्ट. सरांकडून मागायचं आणि आपण काहीच द्यायचं नाही, अशा बैठकीतून काही निष्पन्न होत नाही.

सहा महिन्यांनी त्याच दोघांनी पुन्हा सराव पाहायला जावं. ठरलेल्या दोन गोष्टींत हालचाल दिसली, तर निकाल कसाही असो, सरांना आणखी एक पूर्ण हंगाम द्या. तरुण संघाच्या बांधणीला एक वर्ष कधीच पुरत नाही. काहीच हललं नाही आणि सर ऐकूनही घेत नसतील, तर त्यांच्या कामाबद्दल आदर राखून बदल करा. नव्या सरांच्या हाती ते पान द्या, म्हणजे मुलांना जे येत नाही ते पहिल्या दिवसापासून शिकवता येईल.